संचयाची मुदत

उद्याची चिंता वाहू नये असे सांगणारे धर्म आणि उद्याची बेगमी आजच करावी असे मानणारी घरे, ह्या दोहोंचा संसार आपल्याकडे एकाच छपराखाली शतकानुशतके विनातक्रार चालत आला आहे. सकाळी देवघरात बसून वैराग्याची पोथी वाचणारी गृहिणी दुपारी अंगणात आंब्याच्या रसाची ताटे उन्हाप्रमाणे सरकवीत असते, आणि ह्या दोन कृत्यांमध्ये काही विरोध असेल अशी शंका तिला येत नाही, घरातील वडीलधाऱ्यांना येत नाही आणि पोथी सांगणाऱ्या पुराणिकबुवांनाही येत नाही. उलट श्रावणात पुराण संपल्यावर त्यांच्यापुढे जो फराळ ठेवला जातो, त्यात ह्याच वैशाखातल्या फणसपोळीचा तुकडा असतो आणि बुवा तो आनंदाने स्वीकारतात. विरोध जाणवत नाही म्हणून तो नाहीच, असे मात्र म्हणता येणार नाही. अन्नाचा संग्रह धर्म्य की अधर्म्य, आणि धर्म्य असेल तर कोणत्या मर्यादेपर्यंत, हा प्रश्न आपल्या परंपरेने फार बारकाईने विचारलेला आहे. त्याचा विचार करावयास घरी वाळवलेल्या फळांइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण धान्य साठविणाऱ्यास पोटाची गरज पुढे करता येते. पण आंब्याच्या साठावाचून आणि फणसपोळीवाचून आजवर कोणाचे प्राण गेलेले नाहीत. गरजेचा आडोसा नसलेला संग्रह तपासला म्हणजे संग्रहबुद्धीचे खरे रूप दिसू लागते.

मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीच्या दिवसांना कोकणात आगोट म्हणतात. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते आणि त्यानंतर चार महिने ऊन ही वस्तू मागून मिळत नाही, म्हणून मीठमिरचीपासून सरपणापर्यंत सगळ्याची तजवीज ह्याच दिवसांत उरकावी लागते. नेमक्या त्याच वेळी आंबा, फणस, रातांबा आणि करवंद ही सारी फळे जणू एकमेकांशी ठरवून पिकतात. झाडाला माणसाच्या पोटाचा हिशेब ठाऊक नसतो. ते पंधरा दिवसांत जे देते ते घरातल्या माणसांनी पंधरा दिवसांत संपवावे म्हटले तर संपत नाही, आणि पडवीत पडून राहिले तर सडते. वाळवणाचा उगम ह्या अडचणीत आहे. त्यामागे लोभ असेलही. परंतु आरंभी असतो तो केवळ फळ फुकट जाऊ नये हा सामान्य विवेक.

साठाला बहुधा रायवळ आंबा घेतात, कारण हापूस पेटीतून परगावी जातो आणि रायवळ घरी उरतो. आढीत पिकलेले आंबे पाण्यात टाकून, देठाकडचा चीक काढून, पिळून त्यांचा रस काढावयाचा. रायवळाला धागे फार, म्हणून तो रस चाळणीवर घासून गाळावयाचा, आंबटपणा असेल त्या मानाने साखर आणि चवीपुरते मीठ घालावयाचे, आणि तुपाचे बोट फिरवलेल्या ताटात तो पातळसा पसरावयाचा. मुंग्यांचा उपद्रव टळावा म्हणून ताटे बाजेवर मांडून बाजेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात, वरून विरळ धुवट कापड ताणून बांधतात आणि कावळ्यांच्या राखणीला एखादे मूल बसवतात. ते मूल कावळ्यांहून अधिक रस चाटते हे सर्वांना माहीत असते, आणि तेवढी सूट हिशेबात धरलेली असते. सूर्य कलला की ताटे घरात येतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर जातात. दोन-तीन उन्हांनी पोळीच्या कडा ताटापासून आपोआप सुटू लागतात. मग ती उलटतात, किंवा जाड साठ हवे असेल तर वाळलेल्या थरावर दुसरा थर ओततात. बोट दाबले असता ते चिकटत नाही आणि पोळी वाकवली असता तडकत नाही, अशी जी मधली अवस्था, ती साधली की साठ झाले.

ह्या सगळ्या खटाटोपात वस्तुतः घडते ते एवढेच की फळातले पाणी जाते. पिकलेल्या आंब्याच्या रसात १०० भागांत सुमारे ८० भाग पाणी असते, तर वाळलेल्या पोळीत ते १५ ते २० भागांवर येते. म्हणून पाच शेर रसाची पोळी जेमतेम सव्वा शेर भरते. बुरशीला आणि कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना जगण्यासाठी मोकळे पाणी लागते, ते उरत नाही. जे थोडे उरते ते साखरेने आणि आम्लाने धरून ठेवलेले असते. मात्र ही क्रिया घाईने होत नाही. रस जाड ओतला, किंवा चुलीच्या धगीने तो झटपट सुकवू पाहिला, तर वरची साय कडक होते, आतले पाणी आतच कोंडते आणि बाहेरून खणखणीत दिसणाऱ्या पोळीला आषाढात आतून बुरा येतो. फणसपोळीला बरका फणसच लागतो, कारण त्याचे गरे रसाळ असून चाळणीतून सहज उतरतात. रातांब्याची साले त्याच फळाच्या मीठ घातलेल्या रसात पुन्हापुन्हा बुडवून वाळवली म्हणजे काळी, मऊ आमसुले तयार होतात. गोमंतकात त्यांनाच सोलां म्हणतात. वसईकडे आगाशीच्या परिसरात राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि ती मधाच्या रंगाची सुकेळी थेट मुंबईच्या बाजारात जातात. पद्धती निरनिराळ्या असल्या तरी तत्त्व एकच आहे: फळातले जे आज नासणार आहे ते आजच काढून टाकावयाचे आणि उरलेले राखावयाचे.

आता ह्या निरुपद्रवी उद्योगाला संन्यासधर्माच्या दरबारात उभे करून पाहू. तेथे त्याची धडगत नाही. बौद्ध विनयपिटकात भिक्षूंनी अन्न साठवू नये असा जो नियम आहे, त्याच्या मुळाशी असलेली कथा प्रस्तुत विषयाशी इतकी जुळणारी आहे की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. बेलट्ठसीस नावाचे एक वृद्ध स्थविर होते. आनंदाचे ते उपाध्याय. ते अरण्यात राहत, भिक्षेत मिळालेला कोरडा भात विहारात आणून वाळवीत आणि ठेवून देत, भूक लागली की तो पाण्यात भिजवून खात, आणि त्यामुळे त्यांना गावात भिक्षेला क्वचितच जावे लागे. ह्यात पाप ते कोणते? त्यांनी कोणाचे हिरावून घेतले नव्हते, मिष्टान्नाची हाव धरली नव्हती, उलट गावकऱ्यांना रोजची तसदी वाचविली होती. तरीही बुद्धाने हे वर्तन निषिद्ध ठरविले. कारण भिक्षेला न जाणाऱ्या भिक्षूचा लोकांशी असलेला धागा तुटतो. रोज दुसऱ्याच्या दारात उभे राहणे हा त्याच्या साधनेचा भाग होता, आणि वाळलेल्या भाताच्या मडक्याने तो परस्पर रद्द करून टाकला होता.

परंतु तोच विनयग्रंथ पुढे काय सांगतो हेही पाहिले पाहिजे. राजगृहात दुष्काळ पडला तेव्हा विहारात अन्न ठेवण्याची मुभा भिक्षूंना देण्यात आली, आणि वैशालीस सुबत्ता आल्यावर ती मुभा काढून घेण्यात आली. आजारी भिक्षूसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ हे पाच पदार्थ जवळ ठेवण्यास परवानगी होती, पण ती ७ दिवसांची. म्हणजे संग्रहाचा सरसकट निषेध येथे नाही. निषेध आहे तो बेमुदत संग्रहाचा. ही मुदतीची बाब केवढी गंभीर मानली जाई ह्याची साक्ष बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे १०० वर्षांनी वैशालीस भरलेल्या दुसऱ्या संगीतीत मिळते. तेथे ज्या दहा मुद्द्यांवरून भिक्षुसंघात तंटा माजला, त्यांपैकी पहिला मुद्दा शिंगात मीठ भरून ते जवळ बाळगावे की नाही हा होता; आणि चिमूटभर मिठाचा तो संग्रहही नियमबाह्य ठरला. आज आपल्याला ह्याचे हसू येते. पण शिंगातले मीठ कधी संपवावयाचे हे कोणी ठरविलेले नव्हते, आणि त्या काटेकोर न्यायाधीशांची नजर नेमकी तेथेच गेली असली पाहिजे.

ही दृष्टी एकट्या बौद्धांची नाही. यहुदी धर्मग्रंथात अरण्यवासी इस्राएल लोकांवर आकाशातून मान्ना उतरतो; जो तो सकाळपर्यंत राखून ठेवील त्याच्या भांड्यात किडे पडतात, मात्र शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवलेला मान्ना दुसऱ्या दिवशीही ताजाच राहतो. राखण्याचे कृत्य तेच, वस्तू तीच. एका ठिकाणी आज्ञा आहे, दुसऱ्या ठिकाणी केवळ धास्ती आहे, आणि अन्न त्याप्रमाणे टिकते किंवा नासते. आपल्याकडे गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना दर मंगळवारी जी पत्रे लिहिली, त्यांत अपरिग्रहाचे विवेचन करताना ते पक्ष्याचा आदर्श पुढे ठेवतात: ज्याला घर नाही, वस्त्र नाही आणि उद्याच्या अन्नाचा साठाही नाही. आदर्श म्हणून तो निर्विवाद आहे. प्रश्न असा की ज्याच्या घरी म्हातारे आईबाप आहेत, शाळकरी मुले आहेत आणि पावसाने ओढा भरला म्हणजे ज्याला बाजारची वाट आठ-आठ दिवस बंद होते, अशा गृहस्थाने पक्षी व्हावे काय?

गृहस्थाश्रमाचे शास्त्र ह्या बाबतीत अधिक व्यवहारी आहे, पण ढिले नाही. मनुस्मृतीने गृहस्थ ब्राह्मणाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: कोठारभर धान्य असणारा, मडकेभर असणारा, तीन दिवसांपुरते असणारा आणि उद्यापुरतेही नसणारा, आणि ह्यांत पुढचा पुढचा अधिक श्रेष्ठ. कोठारात नेमके किती मावावे ह्याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत, परंतु संग्रहाला माप असावे ह्याविषयी नाहीत. वानप्रस्थाला तर त्याहून स्पष्ट ताकीद आहे. पूर्वी साठविलेले अरण्यातले धान्य, कंदमुळे आणि फळे त्याने आश्विन महिन्यात टाकून द्यावीत, जुनी वस्त्रेही टाकावीत, आणि नव्याने आरंभ करावा. जैन श्रावकाच्या अणुव्रतांतही सर्वत्यागाची अपेक्षा नाही. तेथे परिग्रहाचे परिमाण ठरविण्याचे व्रत आहे, म्हणजे आपल्याजवळ किती असावे ह्याची सीमा माणसाने स्वतः आखावयाची आणि ती आखल्यावर ओलांडावयाची नाही.

ह्या सर्वांच्या पलीकडे जाऊन तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्ली जो विचार मांडते तो मला निर्णायक वाटतो. अन्नाची निंदा करू नये, अन्नाचा अव्हेर करू नये, अन्न पुष्कळ करावे, ही तेथे व्रते म्हणून सांगितली आहेत. आणि त्यांच्या पाठोपाठ येते ते असे की वस्तीला आलेल्या कोणालाही नाही म्हणू नये, आणि त्यासाठीच कोणत्याही प्रकाराने पुष्कळ अन्न मिळवावे. येथे संग्रहाचा अधिकार सांगितला आहे आणि त्याची कबुलायतही त्याच श्वासात लिहून घेतली आहे. ज्याने घरात अन्न ठेवले त्याने दार बंद ठेवण्याचा हक्क गमावला. भिक्षूने दुसऱ्याच्या दारात जावे म्हणून त्याच्याजवळ काही नसावे, आणि गृहस्थाच्या दारात आलेला विन्मुख जाऊ नये म्हणून त्याच्याजवळ काहीतरी असावे. हे दोन नियम परस्परविरोधी नसून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

योगसूत्रांवरील व्यासभाष्याने अपरिग्रहाची जी व्याख्या केली आहे तीत विषयांचे पाच दोष सांगितले आहेत: मिळवण्याचा, राखण्याचा, नाशाचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. हे दोष दिसतात म्हणून योगी वस्तूंचा स्वीकार करीत नाही. ह्या पाच कलमांखाली आपल्या फणसपोळीची चौकशी करावी, म्हणजे निवाडा आपोआप होईल.

मिळवण्याचा दोष तिला थोडाच लागतो, कारण जे आयते पडून नासणार होते तेच येथे मिळवलेले असते. मात्र ह्या मिळवण्यातले श्रम कोणाचे, हे विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही. बरका फणस फोडून, हाताला तेल लावून, चिकाशी झगडत आठळ्या वेगळ्या करण्याचे काम, आणि भर दुपारी तापलेल्या अंगणात अनवाणी ताटे उलटण्याचे काम, हे पिढ्यान्पिढ्या घरातल्या स्त्रियांनी केले, आणि त्याचा जमाखर्च कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही. संग्रहाचे पुण्य घरधन्याच्या आतिथ्याच्या खात्यावर जमा झाले. ह्या अन्यायाचे परिमार्जन अपरिग्रहाच्या चर्चेने होणारे नाही. घरातल्या पुरुषांनी फणसाच्या चिकात हात घातल्याने ते होईल.

राखण्याचा दोष उघडच आहे. कावळे, मुंग्या, अवकाळी पावसाचा शिडकावा आणि घरातली मुले ह्यांच्यापासून ताट राखावे लागते. पण ही राखण पाच-सहा दिवसांची असते, आणि पोळी डब्यात गेल्यावर तिला पहारेकरी लागत नाही. सोने ज्याने घरात ठेवले त्याची झोप आयुष्यभर सोन्याच्या स्वाधीन होते, तसे काही साठाने आजवर केलेले ऐकिवात नाही. नाशाच्या दोषाविषयी तर वाळवणाइतकी प्रामाणिक वस्तू दुसरी नसेल. ऊन फळाला अमर करीत नाही, त्याला फक्त एका वर्षाची मुदतवाढ देते. दिवाळीपर्यंत साठ सोनेरी असते, माघ-फाल्गुनात ते काळवंडू लागते, चिवट होते, आणि नव्या आंब्याचा मोहर दिसू लागला की जुन्याची चव स्वतःच उतरते. निसर्गाने ह्या संग्रहावर मुदतीचा शिक्का मारूनच तो आपल्या हाती दिला आहे. लिंबाचे लोणचे मुरत जाऊन वर्षानुवर्षे टिकते आणि जुने झाले की अधिक मोलाचे ठरते हे खरे. पण ते तापाने तोंडाची चव गेलेल्या माणसासाठी राखलेले असते, म्हणजे तेथेही कोणीतरी येणारा आधीच धरलेला असतो.

आसक्तीच्या कलमाखाली मात्र फणसपोळी सहज सुटत नाही. कोकणातल्या पुष्कळ घरांत आजीच्या खोलीत एक कुलपाचे कपाट असे. त्यातल्या डब्यातले साठ नातवंडांना बोटाएवढे मिळे आणि उरलेले कोणासाठी राखले आहे हे कोणालाच कळत नसे. पुढे वर्ष उलटे, डबा उघडला जाई आणि आतली पोळी बुरशीने पांढरी झालेली असे. हा संग्रह दुष्काळासाठी नव्हता, अतिथीसाठी नव्हता, रोग्यासाठी नव्हता; तो केवळ ‘असावा’ म्हणून होता. ज्या वस्तूचा उपयोग करताना ती संपेल ह्याचे दुःख वस्तू मिळाल्याच्या सुखाहून मोठे होते, ती वस्तू परिग्रह झाली असे खुशाल समजावे, मग तिचे मोल दोन आणे का असेना. आणि हिंसेचे कलम, म्हणजे माझ्या भोगासाठी दुसऱ्याला होणारी पीडा, हे प्रत्येक घराने आपल्या दफ्तरात पाहून ठरवावयाचे आहे. खोती पद्धतीत कुळाच्या घामातून पिकलेल्या उत्पन्नातला खोताचा वाटा आधी निघे. १९४९ च्या कायद्याने ती पद्धत रद्द होईपर्यंत कोकणातली पुष्कळ कोठारे अशाच वाट्यांवर भरत होती. अशा कोठारातल्या वाळवणाला सूर्यानेही पवित्र केले नसेल.

येथे एक धार्मिक आक्षेप येण्याजोगा आहे, त्याचा थोडक्यात विचार करू. भगवद्गीतेने शिळ्या, रस गेलेल्या, ताजेपणाचा प्रहर उलटून गेलेल्या अन्नाला तामस म्हटले आहे. मग वर्षभर डब्यात पडलेले फळ तामस ठरत नाही काय? आपल्या लोकाचाराने ह्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. शिजलेला भात रात्र ओलांडली की नैवेद्याला चालत नाही, त्याचा हात लागला की खरकटे होते. परंतु खारीक, खोबरे, बेदाणे ह्यांना हा नियम लागू नाही. देवीची ओटी भरताना खारीक, बदाम, हळकुंड आणि सुपारी ही वाळलेलीच घालतात, गणपतीपुढे पंचखाद्याची खिरापत ठेवतात, आणि एकादशीच्या उपासाला सुकी फळे ताज्या फळांइतकीच निर्वेध समजली जातात. ह्या आचारामागची दृष्टी अशी दिसते की सडण्याच्या मार्गाला लागलेले ते शिळे. जे सडण्याच्या मार्गावरून वेळीच बाजूला काढले ते कितीही जुने असले तरी शिळे नव्हे. इस्लाममध्ये ईदच्या नमाजापूर्वी गरिबांना जो सदका-ए-फित्र देतात, तो पूर्वापार जव, खजूर किंवा बेदाणे मापून देण्याची वहिवाट आहे. वाळलेल्या फळाचे माप तेथे दानाचे माप झाले आहे, ही गोष्ट आपल्या प्रतिपादनाला पोषक आहे.

मराठी मनाला संग्रहाचा न्याय शिकविणारी सर्वांत प्रभावी कथा मात्र मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आहे. बिदरच्या पातशाहीचे ते अंमलदार. दुष्काळात माणसे अन्नान्न करीत मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठार हुकमाची वाट न पाहता लुटविले, आणि पुढे प्रत्यक्ष विठ्ठलाने महाराचा वेष घेऊन त्या धान्याची किंमत बिदरच्या खजिन्यात भरली, अशी आख्यायिका आहे. ह्या कथेकडे आपण भक्तीच्या चमत्काराची कथा म्हणून पाहतो. पण तिच्यातला आर्थिक विचार चमत्काराहून मोलाचा आहे. कोठार भरले नसते तर दामाजीपंतांनी लुटवायचे काय? आणि कोठार उघडले नसते तर ते भरून उपयोग काय? भरण्याचे आणि उघडण्याचे दोन्ही हक्क एकाच हातात असावेत, आणि दुसऱ्याची वेळ पहिल्याच्या वेळीच मनात निश्चित असावी. ज्याच्या मनात ती निश्चित नाही तो कोठारवाला नसून साठेबाज आहे. त्याच्या साठ्यात धान्य असो की फणसपोळी असो, फरक फक्त मापाचा राहतो.

अलीकडे घरात विजेचे कपाट आल्यापासून आणि बाराही महिने डबाबंद रस मिळू लागल्यापासून हा उद्योग निरर्थक झाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पोटाच्या हिशेबाने ते खरेही असेल. परंतु ज्या कपाटातल्या वस्तूंना आपण स्वतः मुदत घातली नाही, ज्यात काय आहे हे महिनोन्महिने आपल्याला आठवत नाही आणि ज्यातून काही बाहेर काढावयाचे ते बहुधा टाकून देण्यासाठीच, त्या कपाटाने आपल्याला अधिक विरक्त केले आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. अंगणातल्या वाळवणात श्रम दिसत होते, म्हणून प्रमाणही कळत होते. आपल्या हाताने उलटता येतील त्याहून अधिक ताटे कोणी घालीत नसे. ही शरीराने घातलेली सीमा आता उठली आहे, आणि तिच्या जागी बुद्धीने दुसरी सीमा घातल्यावाचून गत्यंतर नाही.

सारांश, फळ वाळवून ठेवणे हा दोष नव्हे. ते कधी आणि कोणासाठी संपवावयाचे हे न ठरविता ठेवणे हा दोष आहे. म्हणून येत्या वैशाखात ज्यांना साठ किंवा फणसपोळी घालावयाची असेल त्यांनी ती खुशाल घालावी. मात्र डब्यावर तारीख लिहावी, ती पुढच्या मृगाच्या आतली असावी, आणि डबा भरावयास घेतला की त्यातली पहिली पोळी ज्याच्या अंगणात झाड नाही अशा शेजाऱ्याकडे पाठवावी. एवढे ज्याला जमणार नाही त्याने आंबा ताजा खावा आणि उरलेला त्याच दिवशी वाटून टाकावा. तोही धर्मच आहे, आणि त्याला उन्हाची वाट पाहावी लागत नाही.